उपासाचं ताट कुठून आलं?

प्रश्न असा आहे: रोजच्या खाण्यापिण्यातल्या कोणत्या पदार्थाचं मूळ ऐकून तुम्हाला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं? सोबत असंही लिहिलंय की शाळेच्या कार्यक्रमात मुलांना सांगायचं आहे, तेव्हा पक्कं असेल तेच सांगा.

माझं उत्तर आहे साबुदाण्याची उसळ. तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर खिचडी म्हणा, आमच्या काटोल-नरखेडकडे तिला उसळच म्हणतात. वर्षानुवर्षं एकादशीला, शिवरात्रीला, श्रावण सोमवारी घरोघरी होते, म्हणून ती पिढ्यान् पिढ्यांची, अगदी पुराणकाळापासूनची वाटते. आता तिच्यातले जिन्नस बघा. साबुदाणा, फल्लीदाणे, हिरवी मिरची, आलू. चारही जिन्नस मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर पोर्तुगीज आणि इतर युरोपीय जहाजांतून ही पिकं जगभर गेली. त्याआधी यातलं काहीच आपल्या शेतात नव्हतं. ज्ञानेश्वर-नामदेवांनी एकादशी केली तेव्हा साबुदाणा नव्हता, शेंगदाणा नव्हता आणि मिरचीसुद्धा नव्हती. ताटात उकडलेलं रताळं आणि राजगिऱ्याचा लाडू असेल, तर तेही तिकडचेच.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आमच्या आत्याबाईंनी लगेच विचारलं, "मंग पयले उपासाले काय खात असतीन?" प्रश्न अगदी बरोबर आहे, त्याकडे येते. आधी साबुदाण्याचं सांगते, कारण तो धान्याचा दाणा आहे असं समजणारे खूप लोक मला भेटतात. साबुदाणा कोणत्याच झाडाला लागत नाही. तो कसावा नावाच्या कंदापासून करतात. दक्षिण भारतात या कंदाला टॅपिओका म्हणतात. कंद सोलून, किसून, पाण्यात कालवून त्याचं सत्त्व खाली बसू देतात. ते ओलं सत्त्व झोळीत घालून हलवत राहिलं की गोळ्या वळत जातात. मग त्या भाजायच्या किंवा वाफवायच्या आणि वाळवायच्या. कच्च्या कसाव्यात विषारी द्रव्य असतं, ते या धुण्या-भाजण्यात निघून जातं. हे पीक त्रावणकोर संस्थानात रुजलं. तिथले महाराज विशाखम तिरुनाळ यांनी एकोणिसाव्या शतकात, १८८० नंतर, दुष्काळात पोट भरावं म्हणून त्याची लागवड वाढवली. त्या काळी बाजारात मिळणारा साबुदाणा मात्र वेगळा होता, मलाया-इंडोनेशियाकडच्या एका ताडाच्या खोडातल्या गराचा. दुसऱ्या महायुद्धात तो येणं बंद झालं आणि तमिळनाडूतल्या सेलमला कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. आजही आपल्याकडचा बहुतेक साबुदाणा सेलमचाच. म्हणजे ज्याला आपण परंपरा समजतो, त्याचा आजचा प्रकार माझ्या आजीच्या पिढीएवढाच जुना.

राजगिऱ्याची गोष्ट मला याहूनही मोठी वाटते. राजगिरा मेक्सिकोचा. तिथल्या अझ्टेक लोकांत तो देवाचं धान्य होता. भाजलेला राजगिरा मधात मळून ते देवांच्या मूर्ती घडवायचे, पूजा झाली की तुकडे वाटून प्रसादासारखं खायचे. स्पॅनिश आले, त्यांच्या पाद्र्यांना हा विधी खपला नाही आणि राजगिऱ्यावर गदा आली. तिकडे देवाचं म्हणून जे धान्य दडपलं गेलं, ते इकडे येऊन आपल्या उपासाला चालणारं झालं, आणि या दोन गोष्टींची एकमेकींना खबरही नव्हती. मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घालून वड्या करतात. त्यांचे फोटो बघा, आपल्या एसटी स्टँडवर मिळणारी राजगिऱ्याची चिक्कीच ती.

आता आत्याबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. आधी भगर होती, शिंगाडा होता, फळं होती, दूध-दही होतं. भगर हे आपल्याकडचं जुनं भरडधान्य. आणि शिंगाडा बघायचा तर दूर जायला नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडच्या मालगुजारी तलावांत आणि बोड्यांत ढीवर समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या शिंगाडा लावतात. पाण्यात छातीपर्यंत उतरून, वेलाचा झुबका उलटा करून खालची फळं तोडावी लागतात. काट्यांनी हात सोलून निघतात. उपासाचं खरं जुनं अन्न कुणी टिकवलं असेल तर या लोकांनी, आणि शिंगाड्याचं पीठ घेताना ते कुठल्या तलावाचं आहे हे आपण विचारत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मिरचीबद्दल थोडं. भिवापूरची मिरची आमच्या नागपूर जिल्ह्याची शान आहे, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. सावजी रस्सा, पाटोडी, ठेचा, पोह्यांवरची तर्री, यातलं काहीच मिरचीवाचून होत नाही. ती यायच्या आधी तिखटपणा मिरे, पिंपळी आणि आलं यांचा असे. पण मिरे पिकतात मलबारच्या पावसात, आपल्याकडे ते विकत घ्यावे लागत. मिरची परसात लागते, वाळवून वर्षभर टिकते, गरिबालाही परवडते. म्हणून तिनं बघता बघता सगळं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मुलांना हे जरूर सांगा की मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतो. आणि पोपट मिरची आनंदानं खातो, कारण तिच्यातलं जे द्रव्य आपल्या तोंडाची आग करतं ते पक्ष्यांना जाणवतच नाही. पक्षी फळ गिळतात, बी दूरवर टाकतात. जनावरं ते बी दातांनी चावून संपवतील, म्हणून झाडानं आग ठेवलीय ती त्यांच्यासाठी.

मग आपल्या शेतातलं आपलं काय? ज्वारी म्हणाल तर ती आफ्रिकेची. पूर्व सुदानमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी लोक ज्वारी पिकवत होते, याच्या खुणा तिथल्या मडक्यांच्या खापरांत सापडल्या आहेत. पण तूर इथलीच. तिचे रानटी भाऊबंद बस्तर-ओडिशाच्या जंगलपट्ट्यात आजही उगवतात, म्हणजे गडचिरोलीच्या अगदी शेजारी. इथून ती आफ्रिकेत गेली, तिथून गुलामांच्या जहाजांच्या काळात कॅरिबियन बेटांवर पोचली. आज जमैका आणि पोर्तो रिकोत सणावाराला भातात तुरीचे दाणे घालतात. आपण हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची आमटी करतो, तेच दाणे. आमच्याकडे ज्वारीत तुरीचं तास, म्हणजे ओळ, धरायची जुनी पद्धत आहे. आफ्रिकेहून आलेलं आणि आफ्रिकेला गेलेलं अशी दोन पिकं एकाच वावरात शेजारी उभी असतात, हे कळल्यापासून मी त्या तासांकडे वेगळ्या नजरेनं बघते.

आमचं घर संत्र्याचं, तेव्हा संत्र्यावर न लिहिता कशी पुढे जाऊ? संत्रा नागपूरचा म्हणून जगाला माहीत आहे, पण इथे तो नागपूरकर भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या शेवटी, औरंगाबादकडून आणला गेला असं सांगतात. संत्र्याच्या कुळाचं मूळ दक्षिण चीन आणि ईशान्य भारताच्या डोंगरांत. आणखी एक गोष्ट बाग नसलेल्यांना सहसा ठाऊक नसते. बागेतलं संत्र्याचं झाड जमिनीखाली संत्र्याचं नसतं. आधी जंबेरीचं रोप वाढवतात, जंबेरी म्हणजे आंबट, खरबरीत सालीचं जंगली लिंबू. त्याचं खोड पेन्सिलीएवढं झालं की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला चाकूनं छेद देऊन त्यात संत्र्याचा एक डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो भाग, बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधतात. डोळा फुगला, हिरवा राहिला तर कलम लागलं. मग वरचा जंबेरीचा शेंडा छाटायचा. पुढे आयुष्यभर मुळं जंबेरीची आणि फळं संत्र्याची. मालकानं दुर्लक्ष केलं, खालच्या खुंटावरून फूट येऊ दिली, तर काटेरी जंबेरी वर चढते आणि संत्र्याला दाबून टाकते. मोसंबीचं तर जन्मरहस्यच आहे. शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली तेव्हा ती पपनस आणि संत्रा यांच्या जुन्या संकरातून झाल्याचं निघालं. बाजारात मोसंबी आणि संत्रा शेजारी मांडलेले असतात, ते खरोखरच नात्यातले आहेत.

पेयांत चहा सगळ्यांना आठवेल. तो चीनचा हे शाळेत शिकवतातच, पण गावोगावी तो किती अलीकडे पोचला हे शिकवत नाहीत. इंग्रजांनी आसामात मळे लावले ते विलायतेला पाठवण्यासाठी. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून इथल्या लोकांना चहाची गोडी लावायची मोहीम पुढे चालली. १९३० मध्ये आसामातल्या एका मळ्यात पत्ती दाबून, फाडून, तिच्या बारीक गोळ्या करणारं यंत्र निघालं. थोड्या भुकटीत कडक, लाल आणि स्वस्त चहा होऊ लागला. आपल्या टपरीवरचा उकळून केलेला दुधाचा चहा त्या गोळ्यांवर उभा आहे.

कोलाचं थोडक्यात सांगते: १८८६ साली अटलांटाच्या एका औषध बनवणाऱ्यानं, जॉन पेंबर्टन यांनी, कोका-कोला डोकं शांत करणारं टॉनिक म्हणून काढलं आणि ते औषधाच्या दुकानात पेल्यानं विकलं जायचं. बर्फाच्या गोळ्याआधीचा बर्फ याहून नवलाचा. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं गोठलेल्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजानं कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांचा प्रवास, तोही विषुववृत्त ओलांडून. निघताना सुमारे १८० टन होता, पोचला तेव्हा १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. चेन्नईला त्या बर्फाची कोठी अजून उभी आहे, आईस हाऊस म्हणून. स्वामी विवेकानंद १८९७ साली तिथेच राहिले होते.

मुलांसाठी मात्र मी गोटी सोडा निवडीन. फसफसणारं पाणी माणसानं पहिल्यांदा केलं ते १७६७ साली इंग्लंडातल्या लीड्सला. जोसेफ प्रिस्टली, ज्यांचं नाव ऑक्सिजनच्या शोधात येतं तेच, एका दारूभट्टीशेजारी राहत होते. आंबणाऱ्या पिंपावर तरंगणारा वायू त्यांनी पाण्यात मिसळून पाहिला आणि ते पाणी त्यांना चवीला छान लागलं. पुढे अडचण आली ती बुचाची, कारण वायू निसटून जायचा. १८७२ साली हिरम कॉड या इंग्रज माणसानं काचेच्या गोटीचं बूच केलं. बाटली उलटी धरून भरतात, त्यामुळे गोटी गळ्याशी येते आणि आतल्या वायूच्याच दाबानं रबराच्या कड्यावर घट्ट बसते. म्हणजे जो वायू पळायला बघतो तोच दार लावून धरतो. आमच्या आठवडी बाजारात सोडेवाला लाकडी ठोकणीनं गोटी खाली ढकलतो, फट्ट आवाज होतो आणि गोटी खाली उतरून बाटलीच्या आवळलेल्या मानेत थांबते. त्या मानेला एका अंगानं दोन खोबण्या असतात. पिताना ती बाजू खाली ठेवली तर गोटी खोबणीत अडकून राहते आणि धार सुटी वाहते. बाजू चुकली की गोटी घरंगळून पुन्हा तोंड बंद करते.

आमच्याकडच्या बाजारांत, जत्रांत आणि यात्रांत या बाटल्या अजून मिळतात. काचेला अनामत घेतात, ती भरा आणि एक रिकामी बाटली वर्गात घेऊन जा. पाणी भरून मुलांना आधी खोबण्या वर करून ओतायला लावा, मग खाली करून. फरक त्यांना स्वतःच दिसेल.