सेकंडहँड स्पोर्ट्स कार ६००० आरपीएमच्या वर झिणझिणते, गॅरेजवाला इंजिन उघडायचं म्हणतो. उघडू का?

नका उघडू. निदान या आठवड्यात तरी नका.

तुम्ही लिहिलंय की खाली सगळं शांत असतं, आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा सहा हजाराच्या पुढे गेला की पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो, आणि गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच ‘बेअरिंग गेलं’, म्हणजे इंजिनाच्या आतल्या फिरत्या दांड्याचा आधार झिजला, असं सांगून टाकलं. हेच वाक्य २०२४ मध्ये मला ऐकवलं गेलं होतं आणि मी मान डोलावली होती. म्हणून लिहायला बसलो.

मी नाटकांचं साउंड करतो. बावीस वर्षं शिवाजी मंदिर, दीनानाथ, यशवंत, गडकरी हेच माझं ऑफिस. एखादा सूर लागला की नाट्यगृहात कुठेतरी एसीची जाळी नाहीतर लाइटचा पत्रा झिणझिणतो, आणि सूर बदलला की गप्प होतो. असे पत्रे शोधून त्यांना टेप मारण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. गाडीचं वेड लहानपणापासूनचं, पण पैसे जमायला पंचेचाळिशी उजाडली. मग वांद्र्याच्या एका गृहस्थांकडून दोन सीटची जपानी गाडी घेतली. सहा सिलिंडर, लाल रेघ, म्हणजे इंजिन फिरवायची कमाल मर्यादा, ७५०० ला.

पहिल्या पावसाळ्यानंतर आवाज सुरू झाला. रविवारी सकाळी मुलीला शेजारी बसवून कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरलो. तिथे ६० ची मर्यादा आहे. पहिल्या गिअरमध्ये माझी गाडी साठच्या आतच सहा हजार ओलांडते, त्यामुळे नियम मोडायची गरज पडली नाही. काचा खाली. मुलगी काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचत होती, “अठ्ठावन्न, साठ, बासष्ट”, आणि मोबाइल रेकॉर्ड करत होता. आवाज ६००० ला सुरू व्हायचा, ६२०० ला सगळ्यात मोठा आणि ६५०० च्या पुढे साफ गायब.

हा ‘गायब’ फार महत्त्वाचा आहे. बेअरिंग गेलं तर आवाज खोल, टकटक असा येतो, आरपीएमबरोबर वाढत जातो, ऑइल तापून पातळ झालं की आणखी वाढतो आणि पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जास्तच उघडा पडतो. पाचशे आरपीएमच्या पट्ट्यात येऊन पुन्हा नाहीसा होत नाही. तसं वागतो तो सैल पत्रा.

हिशेब सोपा आहे. आरपीएमला ६० ने भागा आणि सिलिंडरच्या निम्म्या संख्येने गुणा, की सेकंदाला किती स्फोट होतात ते कळतं. सहा सिलिंडर ६२०० ला असले की साधारण ३१० हर्ट्झ. पेटीवर मधल्या सप्तकातली काळी दोन हीच. माझं इंजिन काळी दोन लावत होतं आणि गाडीतलं काहीतरी त्या सुराला झिणझिणत होतं.

हे सगळं मी गॅरेजमध्ये सांगितलं. फोरमन म्हणाला, “साहेब, तुमचं पेटीबिटी ठीक आहे, पण हा बेअरिंगचा आवाज.” ते गॅरेज आमच्या मेहुण्यांनी सुचवलेलं. तेही म्हणाले, “भावोजी, एकदा उघडून बघितलं की जिवाला घोर नाही.” मी उघडू दिलं. पाच आठवडे गाडी आत होती, बिल दोन लाखांच्या घरात गेलं आणि बेअरिंगं निघाली मापात, एक ओरखडा नाही. गाडी घेऊन बाहेर पडलो आणि ६२०० ला तीच झिणझिण.

त्या रात्री प्रयोगावरून आल्यावर मी एक मॉनिटर स्पीकर सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेला, गाडीखाली सरकवला आणि इंजिन बंद ठेवून साधा टोन २५० हर्ट्झपासून हळूहळू वर चढवला. ३१८ ला पॅसेंजर सीटच्या खालून तोच आवाज आला. धातू गार होता म्हणून सूर किंचित वर. हात घातला तर सायलेन्सरच्या पाइपवरची हीट शील्ड, उष्णता अडवणारा तो पातळ पत्रा, एका टोकाला मोकळी होती. बोल्टभोवतीचं भोक गंजून मोठं झालं होतं. समुद्राची हवा आणि चार महिने पाणी, दुसरं काय होणार. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एकाने मोठा वॉशर आणि स्टीलची जुबिली क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची पट्टी, लावून दिली. वीस मिनिटं, दोनशे रुपये. आवाज आजतागायत परत आलेला नाही.

मेहुणे अजून म्हणतात की उघडलं ते बरंच झालं, आतून खात्री तरी झाली. मला हे अजिबात मान्य नाही. धडधाकट इंजिन उघडणं म्हणजे डब्याचं झाकण काढून पाहणं नव्हे. अनेक इंजिनांत कनेक्टिंग रॉडचे बोल्ट एकदा ताणून बसवले की पुन्हा वापरायचे नसतात. गॅस्केट सगळी नवी लागतात, सीलंट कंपनीसारखं एकसारखं बसेलच असं नाही, आणि उघड्या गॅरेजमधली धूळ आत जाते ती वेगळीच. माझ्या गाडीच्या टायमिंग कव्हरमधून तेव्हापासून ऑइल पाझरतं. आधी पार्किंगच्या फरशीवर एक डाग नव्हता. खात्री करायची तर ऑइल प्रेशर गेज लावा, जुना ऑइल फिल्टर कापून आत चमचमणारी धातूची कणी आहे का बघा. दोन्ही एका दुपारचं काम आहे.

आणखी एक, ‘स्पोर्ट्स कार आहे, आवाज करणारच’ असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मुद्दाम घडवलेले आवाज वेगळे असतात. लेक्ससने आपल्या एलएफए या स्पोर्ट्स कारच्या दहा सिलिंडरी इंजिनाचा सूर यामाहाला बरोबर घेऊन लावला. होंडाच्या जुन्या व्हीटेक इंजिनांत ठरावीक आरपीएमला कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, जास्त उंच उंचवटा कामाला लागतो आणि गाडी एकदम वेगळ्या आवाजात बोलायला लागते. यातलं काहीही पत्र्यासारखं वाजत नाही.

तुमचा आवाज न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीलाही येतो का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. फक्त चढावर, पाय दाबल्यावर, गोट्या खुळखुळल्यासारखा येत असेल तर ते नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप, अवेळी पेटणं, असू शकतं. मग आधी ९५ ऑक्टेनच्या, म्हणजे असं सहज न पेटणाऱ्या, पेट्रोलची एक टाकी संपवून बघा. शिट्टीसारखा असेल तर हवेचा पाइप चिरला आहे का तपासा. एकसारखा घोंघावत असेल तर अल्टरनेटर आणि बेल्टचे पुली-बेअरिंग.

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, किंवा खोल टकटक खालच्या आरपीएमलाही यायला लागली, तर वरचं सगळं बाजूला ठेवा, तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी टो करून न्या. आणि गाडीखाली हात घालणार असाल तर ती रात्रभर उभी असू दे. सायलेन्सरचा पाइप तासाभरानेही भाजतो.

आवाज नेमका कुठल्या आकड्याला सुरू होतो, कुठे थांबतो आणि सिलिंडर किती, एवढं लिहा. टोन कुठून कुठपर्यंत चढवायचा ते मी काढून देतो. स्पीकर कोणाचाही चालेल.