गच्चीवरच्या दुर्बिणीतून अवरक्त किरणांत ग्रह घडताना दिसतील का?

तुम्ही विचारलंय, ठाण्यात घोडबंदर रोडच्या गच्चीवर ६ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे. कॅमेऱ्यातला आयआर-कट फिल्टर (अवरक्त किरण अडवणारी काच) काढला तर जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीसारखे धुळीत घडणारे ग्रह टिपता येतील का? आणि नसतील, तर वेबला १५ लाख किलोमीटर लांब का पाठवलं?

ग्रह नाही टिपता येणार. कॅमेऱ्याच्या सेन्सरमधलं सिलिकॉन १.१ मायक्रॉन तरंगलांबीपाशी आंधळं होतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ताऱ्याजवळची कोमट धूळ, जिच्यातून पृथ्वीसारखे ग्रह जमतात, ती उजळते १० मायक्रॉनच्या आसपास. तिथेच घोडं पेंड खातं. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन. एखादी वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वात जास्त झळकते हे काढायला २८९८ ला तिच्या केल्विनमधल्या तापमानाने भागायचं; ३०० ने भागा, ९.७ मायक्रॉन येतात. म्हणजे तुमची नळी, आरसा, गच्चीचा कठडा, तुमचा हात, वरची हवा, सगळंच त्या पट्ट्यात झळकतंय. पेटत्या कंदिलाच्या काचेतून पलीकडचा काजवा शोधावा तसं. शहरापासून दूर येऊरच्या जंगलात गेलात तरी तेच, शिवाय हवेतलं बाष्प इतर बरेच पट्टे गिळतं.

म्हणून दुर्बीणच गार लागते. स्पिट्झर ही अवरक्त अवकाश दुर्बीण २००३ साली थंडाव्यासाठी द्रवरूप हेलियम घेऊन गेली. मे २००९ मध्ये तो संपला आणि ३.६ व ४.५ मायक्रॉन एवढे दोनच पट्टे हाती उरले. वेब जिथे आहे तिथे सूर्य, पृथ्वी, चंद्र कायम एकाच बाजूला राहतात. त्या बाजूला कॅप्टॉन या पातळ प्लास्टिकच्या ५ पडद्यांची छत्री धरली की आरसा आपोआप ५० केल्विनच्या आसपास (उणे २२३ अंश) उतरतो. लांब तरंगलांबीचे अवरक्त किरण टिपणाऱ्या मिरी या उपकरणाला मात्र ७ केल्विनच्या खाली जावं लागतं, त्याला हेलियम वायू फिरवणारा वेगळा शीतक आहे. वायू बंद नळ्यांत फिरतो, त्यामुळे संपत नाही. गार करतानाही घाई केली नाही. सुट्या भागांत मुरलेली वाफ अवकाशात बाहेर पडते आणि सगळ्यात थंड जागा गाठून तिथे बर्फ होऊन बसते, म्हणून उपकरणांना आधी हीटरने ऊब दिली.



तरी फिल्टर काढाच. ८५० नॅनोमीटरचा (०.८५ मायक्रॉन) पास फिल्टर, म्हणजे त्याहून लांब तरंगलांबीच आत सोडणारी काच, लावून डिसेंबर ते फेब्रुवारीत मृगातला एम ४२ हा तेजोमेघ घ्या. तेजोमेघाची लाली मावळते आणि धुळीमागचे कोवळे तारे वर येतात. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडीत हा पट्टा जवळजवळ नसतो, त्यामुळे आकाशही काळं मिळतं. फोकस फिल्टर लावल्यावर नव्याने करा, आधीचा चालत नाही. सेन्सर इथे मंद असतो, म्हणून २०-३० सेकंदांच्या भरपूर फ्रेम घेऊन स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एक चित्र करा. त्याच रात्री झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या २० डार्क फ्रेम घ्या आणि त्या चित्रांतून वजा करा; ठाण्याच्या उकाड्यात सेन्सरही तापतो आणि त्याचे ठिपके ताऱ्यांसारखेच दिसतात.