वर्षभराची ट्रॅव्हल पॉलिसी असताना क्लेम का नाकारला?

प्रश्न : मी डिचोलीचा काजू व्यापारी, वय ६१. वर्षातून चार-पाच वेळा दुबई-मस्कतला जातो, दर खेपेला पाच-सहा दिवस. शिवाय एकदा लिस्बनला मुलीकडे जाणे होते. दर वेळी नवी पॉलिसी काढण्याची कटकट नको म्हणून एजंटच्या सांगण्यावरून वर्षभराची मल्टी-ट्रिप पॉलिसी घेतली. गेल्या खेपेला मोपा विमानतळावरून निघालो, दुबईत काम आटोपून पाचव्या दिवशी लिस्बनला पोचलो. तिथल्या ३७व्या दिवशी ताप-खोकल्यासाठी डॉक्टरांना दाखवले, ४३व्या दिवशी न्यूमोनियामुळे इस्पितळात दाखल झालो, ५०व्या दिवशी घरी सोडले आणि ५८व्या दिवशी परतलो. ७,८०० युरोंचे बिल जावयाने भरले. कंपनीने दोन कारणे देऊन क्लेम नाकारला : एका प्रवासाची ४५ दिवसांची मर्यादा ओलांडली आणि रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे लपवले. फॉर्म एजंटने मोबाइलवर भरला होता, मी फक्त ओटीपी सांगितला. नकाराचे पत्र येऊन चार महिने झाले. हा नकार योग्य आहे का? आणि पुढे वार्षिक पॉलिसी घ्यावी की प्रत्येक प्रवासाची वेगळी?

उत्तर : आधी दिवसांचा हिशेब नीट मांडू, कारण तुमचा आणि कंपनीचा हिशेब इथेच वेगळा पडतो. तुम्ही लिस्बनला पोचल्यापासून मोजता. पॉलिसीतला प्रवास मात्र भारत सोडल्याच्या दिवशी सुरू होतो आणि भारतात परतल्यावर संपतो. मधल्या दुबईच्या मुक्कामामुळे दोन प्रवास होत नाहीत. गोव्यात परत न येता पुढे गेलात, म्हणून तो एकच प्रवास. त्यामुळे तुमच्या प्रत्येक आकड्यात चार दिवस मिळवावे लागतात. डॉक्टरांना दाखवले ते ४१व्या दिवशी, दाखल झालात ४७व्या दिवशी, घरी सोडले ५४व्या दिवशी आणि परतलात ६२व्या दिवशी. म्हणजे तुम्हाला वाटते तसे दाखल होणे ४५ दिवसांच्या आत बसत नाही. आजाराची सुरुवात मात्र बसते, आणि तुमची सगळी बाजू त्या सहा दिवसांवर उभी आहे.

आता पॉलिसीची पूर्ण शर्तपत्रिका काढा. दोन पानी सर्टिफिकेट नव्हे, चाळीस-पन्नास पानांची असते ती. प्रत्येक विमा उत्पादनाला युआयएन हा क्रमांक असतो. तुमच्या सर्टिफिकेटवरचा युआयएन आणि शर्तपत्रिकेवरचा युआयएन जुळतो ना, ते पाहा. संकेतस्थळावर बहुतेकदा नवी आवृत्ती असते आणि लोक चुकीच्या कागदावर भांडत बसतात. त्यात तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, ४५ दिवसांच्या मर्यादेचे नेमके शब्द. ‘प्रवासाचे पहिले ४५ दिवसच संरक्षण मिळेल’ हे एक, आणि ‘४५ दिवसांहून लांब प्रवासाला संरक्षण नाही’ हे दुसरे. दुसऱ्या प्रकारात पहिल्या दिवसापासूनच हात रिकामे राहतात. दुसरी गोष्ट, वैद्यकीय खर्चाचे कलम कशाकडे बोट दाखवते : विमा कालावधीत ‘जडलेल्या’ आजाराकडे, की त्या कालावधीत ‘झालेल्या’ खर्चाकडे? तिसरी, कालावधी संपल्यानंतरही उपचार चालू राहिल्यास काही दिवस खर्च देण्याची तरतूद. अनेक ट्रॅव्हल पॉलिस्यांत ती असते. पण काही ठिकाणी तिच्यासाठी रुग्ण मुदतीच्या आतच दाखल झालेला असावा लागतो.

कलम आजार जडण्याविषयी बोलत असेल, तर ४१व्या दिवसाची चिठ्ठी हा तुमच्या हातातला सर्वांत मोलाचा कागद. त्यावर तारीख, लक्षणे आणि दिलेली औषधे असली पाहिजेत. शिवाय लिस्बनच्या इस्पितळातील डॉक्टरांकडून दोन मुद्द्यांचे लेखी प्रमाणपत्र मागवा : लक्षणे कोणत्या तारखेपासून होती, आणि या न्यूमोनियाचा रक्तदाबाशी संबंध होता की नाही. मुलीला प्रत्यक्ष जाऊन घ्यायला सांगा. ईमेलवर असले कागद महिनोन्‌महिने रखडतात. कागद पोर्तुगीजमध्येच येतील. पणजीत जुन्या दस्तांसाठी पोर्तुगीज भाषांतर करून देणारे आहेत, त्यांच्याकडून इंग्रजी करून, सही-शिक्का घेऊन मूळ प्रतीसह जोडा. (या बाबतीत गोवेकर बाकीच्या देशापेक्षा सुखी.)

शब्द दोन्ही अर्थांनी वाचता येत असतील, तर संदिग्धतेचा फायदा विमाधारकाला द्यावा हे तत्त्व न्यायालये मानतात, कारण करार कंपनीने लिहिलेला असतो. पण शब्द स्वच्छ असतील तर न्यायालय ते वाकवत नाही; हर्चंद राय चंदन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हेच सांगितले. तेव्हा ‘मला तर वर्षभराची सांगितली होती’ एवढ्यावर उभे राहू नका. त्यापेक्षा मर्यादेची अट तुम्हाला कधी कळवली, हा प्रश्न जड आहे. जी वगळणूक विमाधारकाला कळवलीच नाही ती त्याच्यावर लादता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मॉडर्न इन्सुलेटर्स (२०००) आणि भारत वॉच कंपनी (२०१९) या निकालांत म्हटले आहे. तुमच्या ईमेलवर पॉलिसीसोबत शर्तपत्रिका आली होती का, तपासा. सर्टिफिकेटवरच ‘प्रति प्रवास कमाल ४५ दिवस’ छापलेले असेल, आणि बहुधा असतेच, तर हा मुद्दा सोडून द्या. एजंटचे ‘वर्षभर काळजी नको’ असे व्हॉट्सअ‍ॅप संदेश असतील तर ते पुसू नका. दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा अस्सल असल्याचे, प्रमाणपत्र सोबत जोडा.

रक्तदाबाचा मुद्दा जास्त अवघड आहे, आणि तिथे तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ओटीपी देणे म्हणजे फॉर्मखाली सही करणे. फॉर्म एजंटने भरला, मी वाचला नाही, हा बचाव सहसा टिकत नाही. रेखाबेन राठोड प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही असे कोणी सांगेल, तर ते विमा कायद्याचे कलम ४५ केवळ आयुर्विम्याला लागू आहे.

तरीही भरलेल्या प्रपोझल फॉर्मची (पॉलिसीच्या अर्जाची) प्रत लेखी मागा, कारण सगळे त्यातल्या प्रश्नावर अवलंबून आहे. ‘मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांपैकी काही आहे का’ असे विचारले असेल आणि रक्तदाबाचा उल्लेखच नसेल, तर तुम्ही काही लपवले असे म्हणता येत नाही. ‘सध्या कोणतेही औषध चालू आहे का’ याला ‘नाही’ असेल, तर अडचण आहे. रकाना रिकामा असेल, तर मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया हा ६ डिसेंबर २०२१ चा निकाल तुमच्या कामाचा. तोही परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमचाच होता : अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आला, आणि मधुमेह व कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवरून कंपनीने पैसे नाकारले. रिकामा रकाना भरून न घेता हप्ता स्वीकारून पॉलिसी देणाऱ्या कंपनीला नंतर ‘माहिती दडवली’ म्हणता येत नाही, असे न्यायालयाने त्यात सांगितले. मात्र त्या प्रवाशाने मधुमेह कळवला होता आणि पॉलिसीपूर्वी त्याची तपासणीही झाली होती. तुमच्या प्रकरणात तसे काही दिसत नाही, म्हणून निकालातले सगळेच तुमच्या पदरात पडणार नाही. आजाराशी संबंध नसलेली माहिती राहून गेली तरी क्लेम द्यावा, असेही काही निकाल आहेत. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रातला दुसरा मुद्दा त्यासाठीच.

एक गोष्ट तुमच्या बाजूने पक्की. नकारपत्रात जी दोन कारणे दिली, त्यांच्यापुरतीच कंपनी बांधली गेली. उद्या ग्राहक आयोगापुढे ‘वेळेत कळवले नाही’ असे तिसरे कारण काढता येणार नाही. सौराष्ट्र केमिकल्स निकाल (२०१९). म्हणून ते पत्र, ते आलेला ईमेल किंवा पाकीट जपून ठेवा, आणि फोनवर वा रागाच्या ईमेलमध्ये ‘माझ्याकडून उशीर झाला’ असली कबुली देऊन त्यांना नवा मुद्दा पुरवू नका.

पुढची पायरी : कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत दिवसांचा तक्ता, ४१व्या दिवसाची चिठ्ठी, दुबई व लिस्बनचे बोर्डिंग पास, पासपोर्टची पाने, बिल आणि जावयाच्या पेमेंटची पावती. बिल तुमच्या नावाचे असले की पैसे कोणी भरले याने बिघडत नाही. जावयाकडून एक पत्र घेऊन ठेवा. एक महिन्यात उत्तर नाही आले किंवा पुन्हा नकार आला, तर दोन रस्ते आहेत. विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी) फी नाही आणि वकील चालत नाही. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे घेतल्या जातात, तक्रार कंपनीच्या नकारापासून १ वर्षाच्या आत करावी लागते. पत्ता पॉलिसीच्या शेवटी छापलेल्या यादीत मिळेल. निवाडा मान्य नसेल तर तुम्ही पुढे ग्राहक आयोगात जाऊ शकता. पण आधी आयोगात गेलात तर लोकपालाचे दार बंद. तुमच्या प्रकरणात मी आधी लोकपाल सुचवीन, कारण वाद कलमाच्या वाचनाचा आहे, साक्षीदारांचा नाही.

ग्राहक आयोगासाठी मुदत २ वर्षे, आणि ती पत्रव्यवहार चालू आहे म्हणून लांबत नाही. कंपनीचे मुख्यालय मुंबईत असले तरी २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. डिचोलीसाठी पर्वरीचा उत्तर गोवा जिल्हा आयोग. कोणता आयोग हे क्लेमच्या रकमेवरून नव्हे, तर भरलेल्या हप्त्यावरून ठरते. तुमचा हप्ता काही हजारांचा, म्हणजे जिल्हा आयोग आणि फी शून्य.

आता पुढच्या पॉलिसीचे. ‘वर्षातून तीनपेक्षा जास्त वेळा जात असाल तर वार्षिक स्वस्त’ हा एजंटांचा हिशेब दुबई-मस्कतपुरता बरोबर आहे. पण निवड प्रवासांच्या संख्येवरून करू नका, सर्वांत लांब प्रवासावरून करा. वार्षिक पॉलिसीत प्रवास कितीही, पण एका प्रवासाला ३०, ४५ किंवा ६० दिवसांसारखी मर्यादा असतेच, आणि ती परदेशात बसून सहसा वाढवून मिळत नाही. एका प्रवासाची पॉलिसी मात्र मुदत संपण्यापूर्वी प्रकृती ठीक असल्याचे लिहून देऊन वाढवता येते. आजारी पडल्यावर तीही वाढत नाही, हे ध्यानात असू द्या.

म्हणून तुमच्यासाठी दोन्ही. आखाताच्या फेऱ्यांना अमेरिका-कॅनडा वगळलेली, ३० दिवस मर्यादेची वार्षिक पॉलिसी. लिस्बनसाठी वेगळी, तिकिटाच्या तारखांपुढे किमान दहा दिवस जास्त धरून. विमान रद्द झाले की तारखा सरकतात, आणि त्या दहा दिवसांचा हप्ता फार नसतो. दुबईतून परस्पर जाणार असाल तर लिस्बनची पॉलिसी मोपा सोडण्याच्या तारखेपासून हवी आणि तीत संयुक्त अरब अमिरातीही बसली पाहिजे. फक्त शेंगेन देशांची (युरोपातील समाईक व्हिसाचे देश) स्वस्त पॉलिसी घेतलीत तर दुबईचे दिवस उघडे पडतील. लिस्बनची पॉलिसी भारत सोडण्याआधीच काढावी लागते. दोन्ही फॉर्मांत दुसऱ्या पॉलिसीचा आणि रक्तदाबाच्या गोळीचा उल्लेख करा. हप्ता थोडा वाढेल किंवा रक्तदाबाशी निगडित खर्च वगळतील, पण न्यूमोनियाचा खर्च तरी वगळला जाणार नाही.

वार्षिक घेताना आणखी तीन गोष्टी विचारा. विम्याची रक्कम प्रत्येक प्रवासाला नव्याने मिळते की वर्षभराची मिळून एकच? एक मोठा क्लेम झाला की उरलेल्या वर्षाला काही शिल्लक राहते का, ते यावर ठरते. तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, बहुधा १०० डॉलर, दर क्लेमला की दर प्रवासाला? आणि पॉलिसीचे वर्ष लिस्बनच्या मुक्कामात संपत नाही ना? परदेशात असताना नूतनीकरण करू न देणाऱ्या कंपन्या आहेत. वयाची मर्यादाही आताच पाहून ठेवा. सत्तरीनंतर वार्षिक पॉलिसी मिळणे कठीण होते.

शेंगेन व्हिसाबद्दल एक गैरसमज आहे. ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक आहे, पण बहुप्रवेश व्हिसाला वकिलात पहिल्या भेटीपुरताच पुरावा मागते; पुढच्या भेटींसाठी विमा घेण्याची जबाबदारी अर्जात तुम्हीच सही करून पत्करलेली असते. तुमचे ६२ दिवस आणि पॉलिसीचे ४५ यांतली तफावत कोणाच्या नजरेत आली नाही, त्याचे कारण बहुधा हेच. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर टप्प्याटप्प्याने शिक्क्यांऐवजी संगणकीय नोंद होऊ लागली आहे. क्लेमच्या वेळी कंपनी मात्र शिक्क्यांची पानेच मागते. बोर्डिंग पासचे फोटो त्याच दिवशी काढून मुलीला पाठवून ठेवत जा.