काउंटरवरून कॉफी घेतली तर टिप द्यायची का?

तुम्ही विचारलंय: ‘डॅलसजवळ एमएस करायला आलोय. कॉफी, बुरिटो वगैरे काउंटरवरून स्वतः उचलून घेतो, तरी पैसे देताना स्क्रीनवर १८, २०, २५ टक्के टिपचे पर्याय येतात आणि समोरचा माणूस बघत उभा असतो. टिप द्यायचीच असते का? नाही दिली तर वाईट दिसतं का?’

नाही, द्यायचीच असं काही नाही. काउंटरवर ‘नो टिप’ दाबलं म्हणून तुम्ही कुणाचा हक्क बुडवत नाही. वेटर टेबलावर येऊन वाढतो अशा हॉटेलात मात्र हेच उत्तर चालणार नाही. हा फरक कशामुळे आहे ते एकदा कळलं की त्या स्क्रीनची भीती बरीचशी जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी स्वतः काउंटरच्या पलीकडे उभी राहिलेली आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही टेक्सासला आलो, एच-४ वर (नोकरीसाठी आलेल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) मला कामाची परवानगी मिळाली आणि २०१७ ते २०१९ मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात कॉफीच्या दुकानात काम केलं. पहाटे साडेपाचची शिफ्ट, सात ते साडेआठ दारापर्यंत रांग.

तिथला एक मुलगा मला अजून आठवतो. आपल्याकडचाच विद्यार्थी. रोज सकाळी बसच्या आधी यायचा आणि सगळ्यात लहान कपात साधी कॉफी घ्यायचा. आमच्याकडे ती पावणेतीन डॉलरला होती. बिल १० डॉलरच्या आत असलं की आमच्या स्क्रीनवर टक्के येत नसत, १, २ आणि ३ डॉलर अशी तीन मोठी बटणं येत. तो रोज मधलं दाबायचा. पावणेतीनच्या कॉफीवर दोन डॉलर टिप! मला वाटायचं, मुलगा मनाने मोठा आहे. एक दिवस घाईत त्याचं बोट तीनवर पडलं. तो बाजूला उभा राहिला आणि रांग संपल्यावर हळूच हिंदीत विचारलं, ‘ते परत मिळेल का?’ बोलता बोलता कळलं, टिप न देण्याचंही बटण असतं हे त्याला माहीतच नव्हतं. ते खाली, बारीक करड्या अक्षरांत होतं. दोन महिने तो निव्वळ संकोचापोटी रोज जवळजवळ दुसऱ्या कॉफीइतके पैसे देत आला होता. त्या दिवसाचं बिल मी रद्द करून पुन्हा केलं. आधीच्या दोन महिन्यांचं काहीच करता आलं नाही. तुमचा प्रश्न वाचला आणि पहिला तोच डोळ्यांसमोर आला.

तर ती बटणं कुठली दाखवायची, किती टक्क्यांपासून सुरुवात करायची, हे दुकानाचा मालक ठरवतो. काउंटरवरच्या मुलीला ते बदलता येत नाही. स्क्रीन तुमच्याकडे वळवणं हे तिचं काम आहे, मागणं नव्हे. ती बघत उभी असते कारण कार्ड मंजूर झाल्याशिवाय पुढची ऑर्डर घेता येत नाही. आम्हाला टिपचा आकडा दिसायचा का? दिसायचा, खोटं कशाला सांगू. पण तोवर पुढचा माणूस ‘ओट मिल्क, एक्स्ट्रा हॉट’ म्हणून बोलायला लागलेला असायचा. टिप दिली नाही म्हणून कुणाचा चेहरा मी लक्षात ठेवल्याचं मला आठवत नाही. फोन कानाला लावून, आमच्याकडे न बघता, नुसत्या बोटाने ऑर्डर देणारे मात्र लक्षात राहिलेत.

आता पगाराचं. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढंच. टेक्सासमध्येही तेच लागू आहे. पण टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, उरलेले ५.१२ टिपेतून यावेत अशी मुभा कायद्यातच आहे. ही मुभा १९६६ च्या दुरुस्तीने आली आणि २.१३ हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिपेतून भरून निघालं नाही तर मालकाने फरक द्यायचा असतो, पण तो मागायला कामगारालाच तोंड उघडावं लागतं, आणि शिफ्ट लावणारा तोच मालक असतो. टेक्सासमधल्या वेटरला तुम्ही टिप देता तेव्हा ती बक्षिसी नसते, त्याच्या पगाराचा मोठा भाग तुम्ही देत असता. ही पद्धत मला अजिबात पटत नाही. पण तिचा राग वेटरवर काढून चालत नाही. तिथे १८ ते २० टक्के धरूनच जेवायला जा, आणि तेवढे परवडत नसतील तर त्या दिवशी पार्सल घ्या.

काउंटरवरच्या माणसाचं सहसा असं नसतं. कायद्याने बघितलं तर महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टिप नियमित मिळणाऱ्या कुणालाही मालक २.१३ वर ठेवू शकतो. पण कॉफीच्या दुकानात तेवढ्या पैशांत माणूस टिकत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी पूर्ण किमान वेतन किंवा त्याहून जास्तच मिळतं. मला तासाला ९ डॉलर होते, आणि वाटणीत टिपेचे तासामागे साधारण दीड डॉलर यायचे. त्या दीड डॉलरची किंमत मला होती. आठवड्याचा भाजीपाला त्यातून निघायचा. पण तो नसता तर माझा पगार बुडाला नसता. वेटरचा बुडतो.

आता आम्ही वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटलला राहतो. इथे २०२५ साली किमान वेतन तासाला २०.७६ डॉलर होतं, आणि वॉशिंग्टन राज्यात टिपेच्या नावाखाली पगार कापायला परवानगीच नाही, म्हणजे वेटरलाही तेवढेच. कॅलिफोर्निया, ऑरेगन, नेवाडा, मिनेसोटा, मोंटाना, अलास्का इथेही हाच नियम आहे. आणि तरीही इथल्या काउंटरवर स्क्रीन तुमच्या डॅलससारखीच: १८, २०, २५. एका गावात वेटरच्या हातावर मालक २.१३ ठेवतो, दुसऱ्यात वीसहून जास्त, आणि बटणं तीच. हे पाहिल्यापासून त्या आकड्यांना मी मानणं सोडलं. समोरच्या माणसाला किती गरज आहे हे ते आकडे सांगत नाहीत. (याच वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिपेवर बंदी घालणारा कायदा केला होता. तसे कायदे आणखी काही राज्यांनीही केले, पण १९२६ पर्यंत सगळे रद्द झाले. थोडक्यात, या प्रथेवर इथल्या लोकांचंही कधी एकमत नव्हतं.)

आजही नाही. प्यू रिसर्च सेंटर या जनमत-पाहण्या करणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत ७२ टक्के लोक म्हणाले की पाच वर्षांपूर्वीपेक्षा जास्त ठिकाणी टिप अपेक्षिली जाते. बसून जेवल्यावर नेहमी किंवा बहुतेकदा टिप देणारे ९२ टक्के निघाले, कॉफीच्या दुकानात तेवढ्याच नेमाने देणारे फक्त २५. म्हणजे तुमच्या पुढे-मागे रांगेत उभ्या असलेल्या चार अमेरिकनांपैकी तिघे नेमाने देत नाहीत. ‘इथली रीतच आहे, आपणच कंजूष दिसू’ असं मनात येत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात ते परदेशात जास्तच खरं ठरतं, कारण इथे नेमकं कुठे नाही म्हणायचं हेच आपल्याला माहीत नसतं. रोज एक डॉलर म्हटलं तरी आठवड्याचे पाच आणि सोळा आठवड्यांच्या सत्राचे ८० होतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना तुम्हाला कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्या कमाईतून ८० डॉलर भीतीपोटी जाऊ नयेत, आनंदाने द्यावेसे वाटले तर वेगळी गोष्ट.

मी स्वतः काय करते ते सांगते. साधी कॉफी, फ्रीजमधली बाटली, कागदात गुंडाळलेला मफिन, यावर काही देत नाही. कुणी माझ्यासाठी वेगळं काही बनवलं, दूध बदललं, चव बिघडली म्हणून न कुरकुरता दुसरा कप दिला, तर एक डॉलर. लॅपटॉप उघडून तीन तास टेबल अडवलं तर निघताना एक-दोन डॉलर काउंटरवरच्या टिपेच्या बरणीत टाकते. आणि मोठ्या ऑर्डरवर नक्की देते. ऑफिसच्या मीटिंगसाठी न सांगता चौदा कप मागितले की आतल्या दोन माणसांची वीस मिनिटं जातात, मागची रांग चिडते आणि बोलणी त्यांनाच खावी लागतात. तिथे मी दहा टक्के किंवा पाच डॉलर, जे जास्त असेल ते देते, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगते. तो फोन टिपेइतकाच मोलाचा वाटतो, हे मी आतून अनुभवलंय.

‘नो टिप’ चं बटण दिसलं नाही तर ‘कस्टम’ उघडून शून्य टाका. काही ठिकाणी त्याला ‘स्किप’ म्हणतात. बटण दाबताना ‘सॉरी’ म्हणायची गरज नाही, ‘थँक यू, हॅव अ गुड वन’ पुरे.

द्यायची ठरवलीत तर रोख द्या. कार्डावरची टिप बहुतेकदा पुढच्या पगारात मिळते, आणि केंद्राच्या नियमानुसार मालक तिच्यातून कार्डाचं शुल्कही त्या प्रमाणात वजा करू शकतो. बरणीतली नोट संध्याकाळी वाटली जाते. पण इथे एक सांगायलाच हवं. आमच्या बरणीतून मॅनेजरही वाटा घ्यायचा. आम्ही सगळे गप्प, कारण वेळापत्रक त्याच्या हातात. मार्च २०१८ मध्ये केंद्राचा कायदा स्पष्ट झाला की मालक, मॅनेजर, सुपरवायझर यांनी कामगारांच्या टिपेला हात लावायचा नाही, मग पगार पूर्ण मिळत असो वा नसो. आमच्यातल्या एका वयस्कर बाईंनी त्याची छापील प्रत मागच्या खोलीतल्या फळ्यावर लावली. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यापासून त्याचा वाटा बंद झाला. माझ्या हिश्शाला दिवसाचे दोन-अडीच डॉलर जास्त यायला लागले. नेहमीच्या दुकानात तुम्ही टिप देत असाल तर एकदा सहज विचारून बघा, ‘हे तुम्हालाच मिळतं ना?’ आम्हाला असं कुणी विचारलं की बरं वाटायचं.

आणि बिल नीट वाचत जा. ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ आधीच लावलेली असेल तर ती टिप नव्हे. केंद्राच्या कायद्याने ती रक्कम दुकानाची असते, कामगारांना द्यायची की नाही हे मालक ठरवतो. ‘ग्रॅच्युइटी’ (म्हणजे बिलात आधीच धरलेली टिप) अशी ओळ छापली असेल आणि खाली पुन्हा टिपेची रिकामी जागा असेल, तर तिथे नवीन लोकांकडून दोनदा पैसे जातात. आमच्याकडून गेले होते, पहिल्याच महिन्यात, सहा जणांच्या जेवणावर.