पैसे भरण्याआधी ग्राहक काय शोधतो?

देवगडला आमची हापूसची बाग आहे. खर्च करून देखणी वेबसाइट केली. लोक येतात, दर पाहतात आणि निघून जातात. असं का होतं?

तुमची वेबसाइट पाहिली. त्यावर झळकणारा आंबा इंटरनेटवर कुठेही सापडतो. तुमच्या बागेचा मात्र एकही फोटो नाही. हापूसच्या नावाखाली दुसरीकडचा आंबा खपवला जातो, हे पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला चांगलं ठाऊक आहे. तो शंका घेऊनच येतो आणि ती फिटली नाही की निघून जातो. कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्या आंब्यालाच लावता येतं. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल, तर तुमचा नोंदणी क्रमांक दराच्या शेजारीच द्या. बाग कोणत्या गावात आहे, आंबा आढीत कसा पिकवता, पेटीत किती डझन आणि एक फळ किती ग्रॅमचं, हेही लिहा. फोटो मोबाइलवर काढलेले चालतील, पण ते तुमच्याच बागेचे हवेत.

सगळ्यात मोठी भीती साक्याची, म्हणजे आतून खराब निघणाऱ्या गराची असते. साका बाहेरून दिसत नाही, आंबा कापल्यावरच कळतो. तसा आंबा निघाला तर तुम्ही काय भरपाई देणार, हे ‘ऑर्डर करा’ या बटणाच्या वरच स्पष्ट लिहा. मला विचाराल तर हे एक वाक्य सगळ्या सजावटीपेक्षा जास्त पेट्या विकेल.

म्हणजे दिसण्याला काहीच किंमत नाही?

आहे, आणि बरीच आहे. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 साली दाखवून दिलं, की पान आकर्षक आहे की नाही हे माणूस 50 मिलिसेकंदांत ठरवतो. पण ते मत फक्त दिसण्याबद्दलचं. पैसे पाठवायचे की नाही, हे तो पुढचं वाचून ठरवतो.

मी घरून मालवणी मसाले विकते. पत्ता आणि फोन नंबर उघड द्यायला संकोच वाटतो.

ताई, तुमचा संकोच रास्त आहे. धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या, म्हणजे घरचा नंबर खाजगी राहील. पत्ता मात्र लपवू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्यातच आहे. सोबत एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक द्या. खाण्याच्या वस्तूवर लोक तो शोधतात.

आमच्या साइटवर ‘नॉट सिक्युअर’ असं येतं.

आजच दुरुस्त करा. एचटीटीपीएस, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात पाठवणारी सुरक्षित जोडणी, नसलेल्या साइटवर क्रोम जुलै 2018 पासून हा शिक्का मारतं. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. पण ते असलं म्हणजे दुकान प्रामाणिक ठरत नाही, भामटेही ते घेतात.

डेव्हलपर म्हणतो, ‘फक्त 3 पेट्या शिल्लक’ असं कायम दाखवू या.

नको. खोटी घाई दाखवणं हा ग्राहकाची फसवणूक करण्याचा प्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत असे 13 प्रकार निषिद्ध ठरवले. पैसे भरताना शेवटच्या पायरीवर वाढीव खर्च दाखवणंही त्यात येतं, तेव्हा कुरिअरचा खर्च दराजवळच लिहा.