सिम्युलेशनआधी डेटाची घडी बसव

भाऊ, जळगावच्या एमआयडीसीतल्या चटई कारखान्याचं सिम्युलेशन मॉडेल, म्हणजे संगणकावरची चालती प्रतिकृती, करायला घेतलंस, फार बरं वाटलं. पण सॉफ्टवेअर उघडायची घाई करू नकोस. सगळे आकडे मॉडेलच्या पोटातच भरले, तर उद्या सॉफ्टवेअर बदललं की पुन्हा पहिल्यापासून.

यासाठी सीएमएसडी (कोअर मॅन्युफॅक्चरिंग सिम्युलेशन डेटा) हे मानक वाच, कारखान्याची माहिती सिम्युलेशनसाठी कोणत्या रचनेत ठेवायची ते त्यात आहे. एनआयएसटी या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेच्या पुढाकारातून ते घडलं, एसआयएसओ या सिम्युलेशनची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये मंजूर केलं. मशीन, कामगार, पार्ट, प्रोसेस प्लॅन, ऑर्डर, शिफ्टचं कॅलेंडर, प्रत्येकाला त्यात ठरलेली जागा आहे. सुरुवातीला एक्सएमएलच्या, म्हणजे सॉफ्टवेअरला वाचता येणाऱ्या खुणांच्या फाइलच्या, वाटेला जाऊ नकोस. एक्सेलमध्येच पण त्याच रचनेने भर.

खरी मेहनत रजिस्टरमध्ये आहे. एकच लूम, म्हणजे विणायचं मशीन, दिवसपाळीत ‘लूम ३’, रातपाळीत ‘एल-३’ आणि मेंटेनन्सच्या वहीत ‘कोपऱ्यातलं’ असतं. आधी प्रत्येक मशीनला एकच ओळख क्रमांक दे. वेळ लिहिताना नुसतं ‘४०’ कधीच लिहू नकोस, सेकंद की मिनिटं तेही लिही. आणि धागा तुटण्याची फक्त सरासरी घेऊ नकोस, प्रत्येक वेळची नोंद ठेव. मशीनपुढे कामाच्या रांगा लागतात त्या चढउतारामुळेच, आणि सरासरीत तोच दिसत नाही. लाइट जाण्याची नोंद मशीनच्या बिघाडात मिसळू नकोस, ती वेगळीच ठेव.

पहिल्या दोन-तीन लूमची शीट झाली की पाठव, मी बघतो.