वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांमध्ये तुमच्या मते सर्वश्रेष्ठ कोण?

माझे उत्तर निःसंशय माल्कम मार्शल हेच आहे. जोएल गार्नर किंवा कर्टली अँब्रोज यांच्यासारखी उंची लाभलेली नसतानाही बार्बाडोसच्या या गोलंदाजाने 81 कसोटींत 376 बळी मिळवले आणि तेही प्रत्येक बळीमागे 21 पेक्षा कमी धावा देऊन. तिरकस, धावण्याच्या शर्यतीसारखी वेगवान धाव, क्रीजवर फलंदाजासमोर उघडी होणारी छाती आणि झटकन फिरणारा हात! चेंडू आत येणार की बाहेर जाणार, हे फलंदाजाला कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

1983 साली कानपूर कसोटीत त्याच्या उसळत्या चेंडूने सुनील गावसकरांच्या हातातली बॅट निसटली, हे दृश्य आमच्या पिढीला विसरता येत नाही. मात्र पुढच्याच दिल्ली कसोटीत गावसकरांनी त्याच माऱ्यावर हूकचे फटके मारत झळकावलेले शतकही तितक्याच अभिमानाने आठवते.

तरीही मार्शलची खरी ओळख मला 1984 च्या लीड्स कसोटीत पटते. डाव्या अंगठ्याचे हाड मोडलेले असताना तो एका हाताने फलंदाजीस उतरला, समोरच्या टोकाला खेळणाऱ्या सहकारी लॅरी गोम्सचे शतक पूर्ण होऊ दिले आणि त्यानंतर हाताला प्लास्टर असतानाच इंग्लंडचे 7 गडी 53 धावांत बाद केले.

मायकेल होल्डिंगची धाव अधिक देखणी होती, हे मीही मान्य करतो. 1999 मध्ये अवघ्या 41 व्या वर्षी मार्शल गेला, तेव्हा घरातले कुणी गेल्यासारखे वाटले होते.